चार तासांची टाकी आणि हजार जोड्या

आमच्या शेतात पाण्याची साधनं दोन. विहिरीवर पाच एचपीची मोटार आणि पश्चिमेच्या धुऱ्याला बोअर. दोन्हींचं पाणी एकाच सिमेंटच्या टाक्यात पडतं. मोर्शी तालुक्यात संत्र्याची बाग असलेल्या घरांतून ही मांडणी सर्रास दिसते. बोअर एकटं टाकं भरायला किती वेळ घेतं, विहीर किती घेते, दोन्ही चालू केले तर लाईन जायच्या आत भरेल का, हा हिशेब इथं रोजचा आहे. तरी या हिशेबाच्या पोटात एवढं गणित दडलेलं असेल, हे मला पुतणीनं विचारेपर्यंत सुचलं नव्हतं.

ती आठवीत आहे, शिष्यवृत्तीची तयारी करते. जानेवारीतल्या एका संध्याकाळी ओसरीवर काळ-कामाची गणितं सोडवत बसली होती. पहिला नळ टाकी ६ तासांत भरतो, दुसरा १२ तासांत, दोन्ही एकदम सोडले तर किती वेळात? १/६ आणि १/१२ मिळून ३/१२, म्हणजे १/४. उत्तर ४ तास. एवढं झाल्यावर तिनं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "काका, उत्तर चारच यायले पाह्यजे अशी अजून किती गणितं बनतीन? तास पुरे पाह्यजे, साडेपाच-पावणेसहा नाही चालत."

आम्ही दोघं बसलो. ५ आणि २०. ६ आणि १२. ८ आणि ८. बस, तीन. मग ६ तासांची टाकी घेतली तर पाच जोड्या निघाल्या: ७ आणि ४२, ८ आणि २४, ९ आणि १८, १० आणि १५, १२ आणि १२. बारा तासांच्या टाकीला आठ. तिला वाटलं, संख्या वाढली की जोड्या वाढतात, म्हणून तिनं १३ घेतले. निघाल्या दोनच: १४ आणि १८२, २६ आणि २६. ती माझ्याकडे पाहत राहिली. "तेरा येवढा कंजूष काऊन?"

मी बी.एस्सी.ला गणित घेतलं होतं. नंतर शेती आली आणि गणित मागं पडलं. पण मोबाईलवर पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा टाकून ठेवलेली आहे, मधूनमधून काहीबाही लिहीत असतो. तिला म्हटलं, आज रात्री माझी ओलिताची पाळी आहे, सकाळी सांगतो. "मंग हजार जोड्या देते अशी सर्वांत लहान टाकी कोणती, ते बी सांग," ती म्हणाली. हजारच्या वर जोड्या देणारी सर्वांत लहान संख्या. प्रश्न एवढाच.

त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाईन रात्री दहानंतर यायची. संत्र्याची झाडं आंबिया बहरासाठी ताणावर सोडलेली होती, पाणी फक्त हरभऱ्याला. हरभऱ्यात स्प्रिंकलर असला की एकदा नोझलं फिरायला लागली की दोन-अडीच तास काम नसतं. मग पाइप उचलायचे, पुढच्या पट्ट्यात जोडायचे, पुन्हा बसायचं. रानडुकरांसाठी जागलही होऊन जाते. पेटवलेल्या पऱ्हाट्यांजवळ बसून मी मोबाईलवर पहिला प्रोग्राम लिहिला.

कल्पना सरळ होती. टाकी न तासांत भरायची आहे. एक मोटार एकटीनं क तास घेते. दुसरीच्या वाट्याला १/न वजा १/क एवढं काम उरतं. ते उलटं केलं की दुसरीचे तास मिळतात. ते पूर्णांक निघाले तर जोडी सापडली. शिवाय जी मोटार वेगवान, तिला न पेक्षा जास्त आणि २न पर्यंतच तास लागणार, कारण दोन्ही सारख्या असतील तेव्हा प्रत्येकीला बरोबर २न लागतात. म्हणजे क ला न+१ पासून २न पर्यंत फिरवलं की पुरे.

चार टाकून चालवला. उत्तर आलं १.

ओसरीवर हातानं काढलेल्या तीन जोड्या डोळ्यांसमोर होत्या आणि मोबाईल म्हणत होता एकच. आठ-आठ तेवढी सापडली होती. मग प्रत्येक पायरीचा आकडा छापून पाहिला. ५ साठी दुसरीचे तास आले होते २०.००००००००००००००४. आणि ६ साठी ११.९९९९९९९९९९९९९९८. वीस नाही, बारा नाही. संगणक दशांश संख्या दोनाच्या पायावर साठवतो. ज्या अपूर्णांकाच्या छेदात दोनाशिवाय दुसरा मूळ अवयव आहे तो त्या पद्धतीत कधी संपतच नाही, जसा आपल्या पद्धतीत १/३ हा ०.३३३ करत चालत राहतो. संगणक त्याला कुठंतरी कापतो. १/५ कापलेला, १/६ कापलेला, त्यांची वजाबाकी करून उलटं केलं की ती कसर वर येते. १/८ मात्र दोनाच्या पायावर नेमका बसतो, म्हणून फक्त तीच जोडी वाचली.

शाळेत अपूर्णांक शिकवताना आम्हाला बजावलेलं असायचं की छेद शेवटपर्यंत धरून ठेवा, दशांशात घाई करू नका. ते इथं शब्दशः लागू पडलं. भागाकारच टाळायचा. दुसरीचे तास म्हणजे न गुणिले क, भागिले क वजा न. तेव्हा न×क ला क−न नं भागून बाकी शून्य उरते का, एवढंच पाहायचं. सगळा व्यवहार पूर्णांकांत. आता ४ ला ३, ६ ला ५, १२ ला ८, १३ ला २. सगळं जुळलं.

शंभराच्या वर जोड्या देणारी पहिली संख्या विचारली तर डोळ्याचं पातं लवायच्या आत आली: १२६०, जोड्या ११३. मी खूश. शंभरला १२६०, म्हणजे हजारला बारा-तेरा हजारांच्या आसपास असेल असा अंदाज बांधला. सुरू केलं. मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली. मोबाईल गरम व्हायला लागला. मी तो बाजेवर ठेवला आणि पाइप बदलायला गेलो. दवानं पाइप इतके गार झाले होते की बोटं चिकटत होती. परत येऊन पाहतो तर पडदा काळा. उघडलं तर प्रोग्राम बंद पडलेला. पडदा बराच वेळ बंद राहिला म्हणून मोबाईलनंच तो मागं बंद करून टाकला होता. मी मधले आकडे कुठं छापायलाही सांगितलं नव्हतं, म्हणून गाडी कुठवर पोचली होती ते कळायलाही मार्ग नव्हता.

मग आधी करायला हवा होता तो हिशेब केला. न साठी न तपासण्या. एकपासून एक लाखापर्यंत सगळ्या संख्या पाहायच्या तर साधारण ५०० कोटी तपासण्या. माझा मोबाईल सेकंदाला वीसेक लाख करत होता. पाऊण तास. आणि उत्तर एक लाखात असेल याची खात्री कोणी दिली?

दुसऱ्यांदा सुरू करण्याआधी प्रोग्राम थोडा नीटनेटका करावा म्हटलं. क ला न+१ पासून २न पर्यंत फिरवण्यापेक्षा जादाचे तास मोजू: पहिल्या मोटारीला न पेक्षा अ तास जास्त लागतात, अ जाईल १ पासून न पर्यंत. निव्वळ सोयीसाठी. क च्या जागी न+अ लिहिलं. भाजक झाला अ. वर उरलं न×(न+अ), म्हणजे न² + न×अ. त्याला अ नं भागायचं. न×अ तर अ नं जातोच. राहिलं न².

मी बाजेवर उठून बसलो. म्हणजे अट एवढीच आहे: अ नं न² ला नि:शेष भाग जायला हवा. आणि दुसऱ्या मोटारीचे जादा तास बरोबर न² भागिले अ. दोन्ही मोटारींच्या जादा तासांचा गुणाकार म्हणजे टाकीच्या तासांचा वर्ग!

वहीच्या पानावर चारच्या जोड्या पुन्हा मांडल्या. ५ आणि २०: जादा १ आणि १६. ६ आणि १२: जादा २ आणि ८. ८ आणि ८: जादा ४ आणि ४. तिन्ही गुणाकार १६. सहाच्या पाच जोड्यांत जादा तास १ आणि ३६, २ आणि १८, ३ आणि १२, ४ आणि ९, ६ आणि ६. संध्याकाळी आम्ही दोघांनी हेच आकडे लिहिले होते. त्यातून टाकीचे तास वजा करून पाहायचं तेवढं राहिलं होतं. आणि तेरा कंजूष का, तेही कळलं: १६९ ला भाग फक्त १, १३ आणि १६९ चा जातो.

आता अपूर्णांक उरलेच नाहीत. प्रश्न झाला विभाजक मोजण्याचा, आणि विभाजक मोजायला एकेक संख्येनं भागून पाहावं लागत नाही. संख्येचे मूळ अवयव पाडायचे, घातांक घ्यायचे. न मध्ये २ चा घात ३ असेल तर न² मध्ये तो ६ होतो. विभाजकात तो ० पासून ६ पर्यंत कितीही घेता येतो, म्हणजे सात पर्याय. प्रत्येक मूळ अवयवाचा घात दुप्पट करून एक मिळवायचा आणि सगळ्यांचा गुणाकार करायचा. हे झाले न² चे विभाजक. ते जोडीजोडीनं येतात, फक्त न हा स्वतःचाच जोडीदार असतो. म्हणून त्यांच्या संख्येत एक मिळवून निम्मे केले की मोटारींच्या जोड्या मिळतात. १२ म्हणजे २² × ३, पर्याय ५ × ३ = १५, अधिक एक सोळा, निम्मे आठ. बरोबर.

हजारच्या वर जोड्या हव्या तर विभाजक २००१ तरी हवेत. इथं मला प्रोग्रामची गरजच वाटेना. प्रत्येक नवी मूळ संख्या विभाजक तिप्पट करते. सहा मूळ संख्यांनी ३ चा सहावा घात ७२९, कमी पडतात. सातांनी २१८७. झालं, पहिल्या सात मूळ संख्यांचा गुणाकार करायचा: २×३×५×७×११×१३×१७ = ५१०५१०. जोड्या १०९४. मी ते आकडे वहीत चौकटीत लिहिले, दोनदा अधोरेखित केले आणि पाइप बदलायला गेलो.

पाइप ओढताना मनात खटकायला लागलं. शंभरच्या प्रश्नाचं उत्तर १२६० होतं, आणि १२६० मध्ये २ चा वर्ग आहे, ३ चाही वर्ग आहे. ते निव्वळ मूळ संख्यांचा एकेकदा गुणाकार करून झालेलं नाही. मग हजारचं उत्तर तसं का असावं?

परत येऊन नवा प्रोग्राम लिहिला. आधी चाळणी लावून प्रत्येक संख्येचा सर्वांत लहान मूळ अवयव काढून ठेवायचा, मग त्यावरून घातांक, घातांकांवरून जोड्या. या वेळी आधीच्यापेक्षा जास्त जोड्या देणारी संख्या आली की ती छापायलाही सांगितलं. काही सेकंदांत उत्तर पडद्यावर होतं: १८०१८०. जोड्या १०१३. माझ्या चौकटीतल्या संख्येच्या जवळजवळ तिसरा हिस्सा.

१८०१८० म्हणजे २² × ३² × ५ × ७ × ११ × १३. पर्याय ५×५×३×३×३×३ = २०२५. एक मिळवून निम्मे, १०१३. माझी चूक कुठं होती ते आता स्पष्ट दिसत होतं. सहा मूळ संख्यांचा गुणाकार ३००३०, विभाजक ७२९. त्यात १७ आणला की विभाजक तिप्पट होतात, पण संख्या सतरा पट होते. त्याऐवजी एक जास्तीचा २ आणि एक जास्तीचा ३ घेतला तर संख्या फक्त सहापट होते आणि विभाजक नऊचे पंचवीस, म्हणजे पावणेतीन पटीहून थोडे जास्त. बाजारातला साधा हिशेब आहे: सतरा देऊन तीन घ्यायचे की सहा देऊन पावणेतीन. इथं पावणेतीन पुरत होते. आणि पहिल्याच प्रोग्रामला हट्टानं चालवत राहिलो असतो तर १८०१८० पर्यंत पोचायला त्याला १६२३ कोटी तपासण्या कराव्या लागल्या असत्या, सव्वादोन तास, तेही मोबाईलनं मध्ये बंद केला नाही तर.

पहाटे लाईन गेली. घरी आलो तेव्हा आबाजी चुलीजवळ बसले होते. "रातभर काय हिशेब करून राह्यला होता बे?" मी सांगितलं. त्यांचं वय नव्वदीच्या जवळ, शाळा चौथीपर्यंत, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळं तोंडपाठ. औट म्हणजे साडेतीन, हे आता आमच्या वयाच्यांनाही सांगावं लागतं. त्यांना मी अपूर्णांकांविषयी काही बोलतो आहे एवढं कळलं आणि त्यांनी पाऊणकी म्हणायला सुरुवात केली. पुतणी उठून आली आणि ऐकत उभी राहिली. मला फार वाईट वाटतं की हे पाढे शाळांतून गेले. पूर्णांकाइतक्याच सहजतेनं पाऊण आणि सव्वा जिभेवर असलेली माणसं आता घराघरांतून एकेक करून कमी होत आहेत, आणि आमची मुलं ०.७५ पाहिलं की मोबाईल शोधतात.

पुतणीला मी उत्तर आधी सांगितलं नाही. जादा तासांचा तक्ता तिच्यासमोर ठेवला आणि गुणाकार करायला लावला. दुसऱ्याच ओळीला तिला कळलं. नंतर तिनंच विचारलं की मग चाळीस लाख जोड्या पाहिजे असतील तर? तिला मोठे आकडे आवडतात.

एकेक संख्या तपासत तिथवर जाणं कोणत्याच मोबाईलला जमणारं नाही. पण आता संख्या शोधायची नव्हती, घातांक शोधायचे होते. २ चा घात सर्वांत मोठा, ३ चा त्याच्याएवढा किंवा लहान, पुढे तसंच उतरत जायचं. कारण मोठ्या मूळ संख्येला मोठा घात दिला असेल तर दोघांची अदलाबदल केली की जोड्या तेवढ्याच राहतात आणि संख्या लहान होते. या एका नियमानं शक्यता इतक्या आटतात की मोबाईलही पटकन संपवतो. उत्तर आलं ९३५०१३००४९८६०६००. सोळा अंकी संख्या, जोड्या ४०१८६१३. त्यात २ आणि ३ चे घन, ५ आणि ७ चे वर्ग, आणि ११ पासून ३७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या एकेकदा. मी तिला ते अवयव गुणून दाखवायला सांगितलं. मोबाईल न घेता, वहीवर. अर्धा तास लागला तिला, एकदा हातचा चुकला, पण शेवटी सोळाही अंक जुळले.

त्यानंतर तिनं जो प्रश्न काढला त्यानं मी पुन्हा अडकलो. तीन मोटारी असतील तर? वर्गाची युक्ती तिथं सरळ चालत नाही. तिघींचे जादा तास घेतले तर सुटसुटीत गुणाकार होत नाही. एक तासाच्या टाकीसाठी तीनच त्रिकुटं: २, ३, ६, मग २, ४, ४, आणि ३, ३, ३. यातलं पहिलं मी आधी पाहिलेलं होतं. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात होऊन गेलेल्या महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात एक हा आकडा अंशी एक असलेल्या अपूर्णांकांत फोडायची रीत दिली आहे. छेद म्हणून १, ३, ९, २७ असे तिनाचे घात घ्यायचे, पहिल्याला दोननं गुणायचं आणि शेवटच्याला दोन तृतीयांशानं. तीन छेद घेतले तर २, ३, ६. चार घेतले तर २, ३, ९, १८. करून पाहा, बेरीज बरोबर एक येते. अकराशेहून जास्त वर्षांपूर्वी कोणीतरी याच दक्षिणेकडच्या मुलखात बसून हाच खेळ खेळत होतं, हे पुतणीला सांगताना माझ्या अंगावर काटा आला.

दोन तासांच्या टाकीसाठी मी प्रोग्रामकडून यादी काढली. दहा त्रिकुटं निघाली. तिनं ती कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उतरवून घेतली:

३, ७, ४२
३, ८, २४
३, ९, १८
३, १०, १५
३, १२, १२
४, ५, २०
४, ६, १२
४, ८, ८
५, ५, १०
६, ६, ६

ती बराच वेळ पाहत बसली. मग पहिल्या पाच ओळींतला ३ तिनं हातानं झाकला.

"काका, हे तं सहाच्याच जोड्या हायेत. कालच्याच."

मी वाकून पाहिलं. अर्ध्यातून तिसरा हिस्सा गेला की सहावा उरतो. म्हणून तीन तासांची मोटार बाजूला काढली की उरलेल्या दोघींना सहा तासांची टाकी भरायची असते, आणि त्याच्या जोड्या पाच. तिनं हात खाली सरकवून ४ झाकले. अर्ध्यातून पाव गेला, उरला पाव. ५ आणि २०, ६ आणि १२, ८ आणि ८. ओसरीवर पहिल्या संध्याकाळी काढलेल्या तीन.

शेवटच्या दोन ओळींभोवती तिनं गोल केला, खाली मोठा ३ लिहिला आणि कॅलेंडरचं पुढचं पान फाडून घेतलं.